तिथीची पाऊणपट

दिल्लीला समुद्र नाही; तरी येथील रेल्वे स्थानकांच्या पिवळ्या फलकांवर समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते. वास्तविक समुद्र सपाट कधीच नसतो. म्हणून भारतीय सर्वेक्षण विभागाने मुंबईच्या अपोलो बंदरासह नऊ बंदरांवर वर्षानुवर्षे भरती-ओहोटी मोजून सरासरी काढली आणि 1909 मध्ये देशाच्या उंचीमापनाचा पाया निश्चित झाला. दिल्लीची उंचीसुद्धा अशी भरतीच्या हिशेबातून आली.

भरती चंद्रामुळे येते, हे आपण शाळेत शिकलो. पण चंद्राच्या विरुद्ध बाजूसही त्याच वेळी भरती का असावी? कारण भरती येते ती ओढीतील फरकामुळे. चंद्राकडील पाणी पृथ्वीच्या मध्यापेक्षा अधिक ओढले जाते. मध्याच्या मानाने पलीकडचे पाणी कमी ओढले जाते. ते जणू मागे राहते आणि तेथेही फुगवटा येतो. सूर्याची पृथ्वीवरील ओढ चंद्राच्या पावणेदोनशे पटींच्या आसपास आहे. मात्र तो इतका दूर आहे की पृथ्वीच्या दोन बाजूंवरील त्याच्या ओढीत फरक अत्यल्प पडतो. भरतीतील त्याचा वाटा त्यामुळे चंद्राच्या निम्म्याहूनही कमी. अमावास्या-पौर्णिमेला दोघे एका रेषेत आले की उधाण, अष्टमीच्या सुमारास काटकोनात आले की भांग.

पृथ्वी स्वतःभोवती फिरते तोवर चंद्रही पुढे सरकतो, म्हणून भरती रोज सुमारे 50 मिनिटे उशिरा येते. आपल्या किनाऱ्यावरील जुना आडाखा यावरच बेतलेला आहे : तिथीची पाऊणपट करावी, म्हणजे भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या. पाऊणपटीत रोज पाचेक मिनिटांची तूट राहते हे बँकेच्या माणसाला खटकेल. परंतु दर पंधरवड्याला हे खाते नव्याने उघडते, त्यामुळे तूट फार साचत नाही.

26 जुलै 2005 रोजी मुंबईत या हिशेबाची किंमत कळली. सांताक्रूझ येथे 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला. त्याच दुपारी तीनच्या सुमारास जवळजवळ साडेचार मीटरची भरती होती. पावसाचा तो आकडा कोणी वर्तविला नव्हता. भरतीची वेळ मात्र कोष्टकात आधीच छापलेली होती. शहराचे पाणी समुद्रात सोडणाऱ्या 186 मुखांपैकी केवळ 6 भरतीच्या पातळीच्या वर होती. उरलेल्यांपुढे समुद्रच उभा राहिला आणि रस्त्यांवर, घरांत पाणी चढत गेले. शेकडो माणसे दगावली.

पुढे हाजी अली, इर्ला अशा ठिकाणी उदंचन केंद्रे उभारण्यात आली. भरतीच्या वेळी तुंबलेले पाणी ती पंपांनी समुद्रात लोटतात.