जास्वंदीवरचा पांढरा कापूस

थंडी सरून ऊन तापू लागलं की ठाण्यापासून कल्याण-डोंबिवलीपर्यंत गॅलऱ्यांत एक तक्रार ठरलेली असते. जास्वंदीच्या कळ्यांना कापसासारखं पांढरं काहीतरी चिकटतं, पानं आकसतात, कळ्या न उमलताच गळतात. हा पिठ्या ढेकूण. नर्सरीत ‘मिलीबग’ म्हणा, लगेच कळेल.

दोन वर्षांपूर्वी कल्याणच्या आमच्या ग्रिलमधल्या जास्वंदीवर मी बाजारातलं जालीम औषध मारलं. शेजारच्याच कुंडीत पुदिना होता. रमजानचे दिवस, इफ्तारच्या चटणीसाठी सासूबाई तोच पुदिना खुडत होत्या. मी स्वयंपाकघरातून ओरडत धावले. पुदिना मुळासकट टाकून दिला. महिन्याभरात ढेकूण मात्र पुन्हा हजर, आधीपेक्षा जास्त!

पुढच्या वर्षी औषधाऐवजी जुना टूथब्रश घेतला. घासताना काही ढेकूण जरा मोठे, अंगावर लांब पांढऱ्या झालरी असलेले आणि भराभर चालणारे दिसले. हेच म्होरके समजून मी ते आधी चिरडायला घेतले. शेजारचे चाचा दारातून म्हणाले, “बेटी, थांब. ते ढेकूण नाहीत, ढेकूण खाणारे आहेत.” चाचांनी उमेदीची वर्षं नाशिककडच्या द्राक्षबागांत काढली आहेत. तिथे हे भुंगेरे मुद्दाम विकत आणून सोडतात. नाव क्रिप्टोलेमस, मूळचे ऑस्ट्रेलियाचे. भारतात 1898 साली आणले गेले. मोठा झाल्यावर काळपट पाठीचा आणि नारिंगी डोक्याचा दिसतो, पण त्याची अळी हुबेहूब ढेकणासारखी. ओळख एवढीच की ढेकूण जागचा फारसा हलत नाही, अळी फिरत असते.

आदल्या वर्षी माझ्या औषधाने काय झालं असेल, ते तेव्हा उमगलं. ढेकणाच्या अंगावर मेणाचा थर असतो, अंडी कापसात लपलेली असतात, त्यामुळे बरेच वाचतात. उघड्यावर फिरणारे त्यांचे शत्रू मरतात.

शेतीतही हाच अनुभव आहे. 2008 साली कोइम्बतूरजवळ पपईवरचा परदेशी पिठ्या ढेकूण सापडला आणि पुढे महाराष्ट्रातल्या बागांतही पोचला. पपई, तुती, जास्वंद, काही सोडलं नाही. फवारण्या पुऱ्या पडेनात. अखेर 2010 मध्ये पोर्तो रिकोहून मिलिमीटरभराच्या गांधीलमाश्या आणून सोडल्या, तेव्हा तो आटोक्यात आला.

आपल्या गॅलरीत आधी मुंग्या पाहा. ढेकूण सोडतो त्या गोड चिकट पाण्यासाठी मुंग्या त्याची राखण करतात, त्याच्या शत्रूंना हुसकावतात. पूर्वी जाळीच्या कपाटाचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवत, तसंच कुंड्यांच्या स्टँडचं करा. पाण्यात साबणाचा थेंब टाका आणि ते बदलत राहा, नाहीतर डासांची सोय व्हायची.

फार भरलेले शेंडे कापून पिशवीत बांधून टाका. उरलेल्यावर लिटरभर पाण्यात एक चमचा निंबतेल आणि थोडा पातळ साबण मिसळून, ऊन उतरल्यावर पानांच्या खालूनही फवारा. दर आठवड्याला, तीन-चार वेळा. जिथे झालरवाल्या अळ्या दिसतील ती फांदी मात्र सोडून द्या.

आणि नर्सरीतून आणलेलं नवं रोप पंधरा दिवस बाकीच्या कुंड्यांपासून लांब ठेवा. आमच्याकडे ढेकूण आले ते एका देखण्या, बहरलेल्या जास्वंदीबरोबरच.