‘मी’ म्हणजे कोण? : मुलांचे इंग्रजी आणि घरचा हिशेब

इंग्रजी व्याकरणातील अप्रत्यक्ष कथन हे प्रकरण परीक्षेपुरते घोकावे आणि पुढे विसरून जावे, अशी पुष्कळांची समजूत असते. आयुष्यभर मुलांना ते शिकवूनही, खरे सांगावयाचे तर, आमची समजूत थोडीफार तशीच होती. ती वीस हजार रुपयांच्या एका प्रसंगाने दूर झाली.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ या किनाऱ्यावर आदळले. आमचे बोर्लीपंचतन, शेजारचे दिवेआगर, पलीकडचे श्रीवर्धन, सगळीकडच्या नारळी-पोफळी एका दिवसात आडव्या झाल्या. नवी पोफळ फळावर यावयास पाच-सात वर्षे लागतात. तेव्हा नुकसान त्या एका सालचे नव्हते. आमच्या घराचे छप्परही उडाले. गावच्या दुकानदाराने पत्रे दिले, शिवाय सुताराच्या मजुरीसाठी वीस हजार रुपये हातउसने दिले, आणि आमच्या वहिनींस तो म्हणाला, “वीस हजार मी तुमच्याकडून पुढच्या महिन्यात घेईन.”

आमचा एक पुतण्या परदेशी असतो. सूनबाई परप्रांतीय, मराठी वाचता न येणारी. परंतु घराची विचारपूस तीच अगत्याने करी. तिला सविस्तर वर्तमान कळवावे म्हणून वहिनींनी मराठीत सांगितले आणि तेरा वर्षांच्या नातवाने इंग्रजीत लिहिले. आम्ही त्या वेळी वाडीतील पडलेली झाडे हलविण्यात गुंतलो होतो. लिहिलेले वाचून पाहिले नाही, हा दोष सर्वस्वी आमचा.

नातवाने लिहिले होते : “वी लेंट ट्वेंटी थाउजंड रुपीज फ्रॉम द शॉपकीपर. ही सेड दॅट आय विल टेक ट्वेंटी थाउजंड फ्रॉम यू नेक्स्ट मंथ.”

आठ दिवसांत वीस हजार रुपये बँकेत जमा झाले, आणि सोबत एक ओळ आली : पैसे हवे होते तर वडीलधाऱ्यांनी स्वतः सांगावयाचे, मुलाकरवी कशास? वहिनींच्या डोळ्यांस पाणी आले. छप्पर गेल्याचे त्यांनी सोसले होते, पण कोणापुढे हात पसरल्याचा आळ त्यांना सोसवेना.

आता पाहा, मुलाने काय केले? ‘वीस हजार मी तुमच्याकडून घेईन, असे तो म्हणाला,’ हे मराठी वाक्य निर्दोष आहे. आपल्या भाषेत बोलणाऱ्याचे शब्द जसेच्या तसे ठेवून पुढे ‘असे’ किंवा ‘म्हणून’ जोडले की काम झाले. संस्कृतातील ‘इति’ हेच कार्य करतो : ‘अहं दास्यामि इति सः अवदत्’ यातील ‘अहं’ म्हणजे निरोप्या नव्हे, मूळ बोलणारा. मुलगा आपल्या मातृभाषेशी प्रामाणिक राहिला, इतकाच त्याचा अपराध! परंतु इंग्रजीत ‘दॅट’ आला की बोलण्याची सूत्रे निरोप्याच्या हाती जातात. मग ‘आय’ म्हणजे लिहिणारा नातू आणि ‘यू’ म्हणजे वाचणारी सूनबाई. शुद्ध वाक्य असे हवे होते : “ही सेड दॅट ही वुड टेक ट्वेंटी थाउजंड फ्रॉम अस द फॉलोइंग मंथ.”

म्हणून मुलांना नियमांची यादी देण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावयास शिकवावे. ‘मी’ आणि ‘तू’ म्हणजे आता कोण? क्रिया भूतकाळात एक पायरी मागे गेली काय? ‘आज’, ‘उद्या’, ‘येथे’ हे शब्द निरोप्याच्या जागेवरून खरे राहिले काय? ‘विल’चे ‘वुड’, ‘टुमॉरो’चे ‘द नेक्स्ट डे’, ‘हिअर’चे ‘देअर’ ही रूपे त्या उत्तरांतून आपोआप निघतात. ‘सेड’ एकटा चालतो, पण ‘टोल्ड’ला ज्यास सांगितले तो लगेच पुढे लागतो. प्रश्न असेल तर ‘आस्क्ड इफ’, आज्ञा असेल तर ‘टोल्ड हिम टु’.

दुसरी चूक ‘लेंट’ची. मराठीत ‘उसने’ हा एकच शब्द ‘देणे’ व ‘घेणे’ या दोहोंस लागतो. इंग्रजीत देणे ते ‘लेंड’, घेणे ते ‘बॉरो’. सूनबाईंस वाटले, दुकानदारासच आपण पैसे दिले आणि आता तिच्याकडून मागतो आहोत. अशा जोड्या मुलांकडून पाठ करून घ्याव्या : मुद्दल ‘प्रिन्सिपल’, व्याज ‘इंटरेस्ट’, ठेवणे ‘डिपॉझिट’, काढणे ‘विथड्रॉ’, हप्ता ‘इन्स्टॉलमेंट’, शिल्लक ‘बॅलन्स’, सुटे पैसे म्हणजे ‘चेंज’, आणि आपण देणे लागतो ते ‘वी ओ’.

पैशाचे शब्द काळाबरोबर पालटतात. १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे शंभर पैसे झाले. त्यापूर्वी सोळा आणे, चौसष्ट पैसे, एकशे ब्याण्णव पै असत. आणा गेला, ‘सोळा आणे खरे’ मात्र राहिले. परंतु देण्याघेण्याचा शब्द चोख हवा, ही गरज जुनीच. शेजारच्या दिवेआगरचा शके ९८२, म्हणजे इ. स. १०६० चा ताम्रपट मराठीच्या प्राचीन लेखांत गणला जातो, आणि त्याचा विषयही सुवर्णनाण्यांच्या व्यवहाराचाच आहे.

आमच्या घरी आता रोज दिवेलागणीनंतर दहा मिनिटे हा अभ्यास चालतो. एका मुलाने दुकानदार व्हावे, दुसऱ्याने गिऱ्हाईक, तिसऱ्याने ऐकलेले सारे आजीस इंग्रजीत सांगावे आणि चौथ्याने ते मराठीत करून दाखवावे. निरोप उलट येऊन हिशेब जुळला तर वाक्य बरोबर. चुकणाऱ्यास हसू नये. त्याची ‘इति’ कोठे राहिली एवढेच दाखवावे.

असो. आम्ही सूनबाईंस स्वतः दूरध्वनी करून सारा उलगडा केला. तिला फार वाईट वाटले, ती क्षमा मागू लागली. आम्ही म्हटले, क्षमा आमच्या शिकवण्याने मागावयास हवी. पुढच्या महिन्यात निवृत्तिवेतनातून दुकानदाराचे देणे फेडले, आणि तिची रक्कम तिला परत केली. सोबतचे पत्र नातवानेच लिहिले. या वेळी आम्ही ते दोनदा वाचले.