चवदार तळ्यापासून कर्नाळ्यापर्यंत

सहल हा चळवळीचा विषय होऊ शकतो काय, असा प्रश्न काही कार्यकर्ते विचारतील. बागबगीचा, अभयारण्य, पक्षी पाहणे हे सारे पोट भरलेल्या माणसांचे चोचले आहेत, आपल्यापुढे आरक्षण, शिक्षण, अत्याचाराचे खटले असे ज्वलंत प्रश्न असताना झाडे पाहत फिरायला वेळ कोणाला आहे, असेही म्हटले जाईल. परंतु आपल्या मुक्तिलढ्याची पहिली मोठी लढाई एका सार्वजनिक जागेसाठीच झाली होती, हे अशा मंडळींनी विसरू नये. तीसुद्धा रायगड जिल्ह्यात, म्हणजे तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यात.

रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळाने १९२३ साली मंजूर केला. सरकारी खर्चाने बांधलेले वा चालवलेले पाणवठे, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत, असा तो ठराव. महाड नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे खुले केल्याचे जाहीर केले. पण ठराव कागदावर राहिला आणि तळे होते तिथेच राहिले. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हजारो बांधवांसह त्या तळ्याचे पाणी प्राशन केले, तेव्हा कुठे ठरावाला अर्थ आला. पुढे नगरपालिकेने आपलाच ठराव मागे घेतला आणि सवर्णांनी दिवाणी दावा ठोकला. तळे खाजगी आहे आणि अस्पृश्यांना बंदी हा पूर्वापार रिवाज आहे, असा त्यांचा दावा. प्रतिवादींमध्ये खुद्द बाबासाहेब होते. दहा वर्षे खटला चालला आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने निकाल दिला : तळे नगरपालिकेच्या मालकीचे आहे आणि असा प्राचीन रिवाज सिद्ध झालेला नाही. वकिली व्यवसायातील प्रत्येक तरुणाने हा निकाल एकदा तरी वाचलाच पाहिजे.

या लढ्याचे सार भारतीय संविधानाच्या कलम १५ (२) मध्ये उतरले आहे. विहिरी, तलाव, स्नानाचे घाट, रस्ते आणि शासनाच्या पैशाने राखलेली किंवा जनतेसाठी अर्पण केलेली सार्वजनिक वावराची ठिकाणे यांच्या वापरात धर्म, वंश, जात, लिंग वा जन्मस्थान यावरून कोणावरही निर्बंध लादता येणार नाही. हे कलम केवळ शासनाला बांधत नाही, खाजगी माणसालाही बांधते. त्याच्या जोडीला कलम १७ आहे, १९५५ चा नागरी हक्क संरक्षण कायदा आहे आणि १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदाही आहे. म्हणजे नगरपालिकेची बाग काय, समुद्रकिनारा काय, अभयारण्य काय, तिथे पाय ठेवणे ही कोणाची मेहेरबानी नसून आपला हक्क आहे. आणि हक्क वापरला नाही तर तो गंजतो.

दरवर्षी २० मार्चला लाखो बांधव महाडला जातात. अभिवादन करतात, पुस्तके घेतात आणि त्याच गाडीने परत फिरतात. महाडजवळच गांधारपाल्याची बौद्ध लेणी आहेत. किती जण तो डोंगर चढतात? त्याच जिल्ह्यात खाडीकाठच्या डोंगरात कुडा येथे लेणी आहेत. तेथील शिलालेखांत दान देणाऱ्यांमध्ये राजघराण्यातील स्त्रियांबरोबर लोखंडाचा व्यापारी आहे आणि चक्क बागेत काम करणारा माळीही आहे! कष्टकऱ्याच्या दानातून भिक्खूसंघाला निवारा मिळत होता. बौद्ध परंपरेत विहाराला ‘आराम’ म्हणतात, आणि आराम म्हणजे बाग. वेळुवन, जेतवन ही वनेच होती. पहिला धम्मोपदेश सारनाथच्या मृगदायात, म्हणजे हरणांना अभय असलेल्या रानात झाला. तेव्हा झाडांखाली जाणे हा आपल्याला परका संस्कार मुळीच नाही.

पनवेल सोडले की मुंबई-गोवा महामार्गावरच कर्नाळा पक्षी अभयारण्य लागते. १९६८ साली ते घोषित झाले. अंगठ्यासारखा सुळका असलेला किल्ला आणि त्याभोवतीचे दाट रान. हिवाळ्यात दूरदेशीचे पक्षीही येथे येतात. मुरूड आणि रोहा तालुक्यांत फणसाड अभयारण्य आहे. हे पूर्वी जंजिऱ्याच्या नवाबाचे शिकारीचे रान होते. राजाच्या बंदुकीसाठी राखलेले जंगल १९८६ साली अभयारण्य झाले आणि आज सामान्य माणूस तिकीट काढून तेथे शेकरू पाहू शकतो. ही लोकशाहीचीच किमया नव्हे काय?

पण येथेच थांबलो तर आपणही नुसते पर्यटक ठरू. या रानांच्या कडेला कातकरी आणि ठाकूर बांधवांच्या वाड्या आहेत. कातकरी ही शासनाने विशेष असुरक्षित म्हणून नोंदलेली जमात. पिढ्यान् पिढ्या ज्या जंगलात त्यांनी मध, कंद, लाकूडफाटा गोळा केला, त्याच जंगलात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने प्रवेशावर निर्बंध आले. पर्यटकाला परवाना मिळतो आणि मोळी आणणारी बाई मात्र गुन्हेगार ठरते, ही विषमता नव्हे तर दुसरे काय? २००६ च्या वनहक्क कायद्याने हा ऐतिहासिक अन्याय कबूल केला. वनजमिनीच्या त्या कायद्यातील व्याख्येत अभयारण्ये आणि राष्ट्रीय उद्यानेही येतात, हे अनेक अधिकाऱ्यांना सांगावे लागते. ग्रामसभेकडे दावा कसा दाखल करायचा, हे वाडीवर जाऊन सांगणे हे आपल्या वकिलांचे आणि कार्यकर्त्यांचे काम आहे.

याच जिल्ह्यातील माथेरानचे उदाहरण घ्या. झाडांच्या रक्षणासाठी तेथे मोटारींना बंदी. २००३ साली तो परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील घोषित झाला. स्वच्छ हवा, तांबडी वाट, गर्द सावली. आणि त्या सावलीत काय चालत होते? माणूस माणसाला हातरिक्षात बसवून चढावर ओढत होता! ६ ऑगस्ट २०२५ रोजी सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या खंडपीठाने ही प्रथा मानवी प्रतिष्ठेला काळिमा ठरवून सहा महिन्यांत बंद करण्याचा आणि ई-रिक्षा योजनेतून ओढणाऱ्यांचे पुनर्वसन करण्याचा आदेश दिला. प्रजासत्ताकाला पंचाहत्तर वर्षे होईपर्यंत त्यासाठी थांबावे लागले. झाडाला संरक्षण आणि माणसाला जोखड, असे निसर्गप्रेम आपल्याला नको. तथागतांच्या करुणेत झाडही येते, प्राणीही येतो आणि माणूसही येतो.

तिसरा मुद्दा आपल्या वस्तीचा. अभयारण्याला वर्षातून एकदा जाता येईल. पण पोराबाळांना रोज खेळायला जागा हवी. १९६६ च्या प्रादेशिक व नगररचना कायद्याखाली प्रत्येक शहराच्या विकास आराखड्यात उद्यानांसाठी, मैदानांसाठी भूखंड राखीव असतात. त्यांचे पुढे काय होते? बंगळुरूमध्ये उद्यानासाठी राखलेली जागा खाजगी इस्पितळासाठी दिली गेली, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली ते वाटप बेकायदा ठरवले; मोकळी जागा ही जनतेची ठेव आहे, सत्ताधाऱ्यांच्या मर्जीची वस्तू नाही, असा त्या निकालाचा रोख आहे. आपल्या नगरपालिकेकडे माहितीच्या अधिकारात अर्ज करा. किती भूखंड राखीव आहेत, त्यांतील किती आपल्या वस्तीजवळ आहेत, किती जागांवर प्रत्यक्षात बाग झाली, हे विचारा. उत्तर आले की ते विहाराच्या फलकावर लावा.

म्हणून सुचवावेसे वाटते की, बुद्धविहार समित्यांनी वर्षातून एक सहल अशी काढावी : चवदार तळे, गांधारपाले, कुडा, फणसाड, कर्नाळा. महिला मंडळ, विद्यार्थी, म्हातारी माणसे, सर्वांना घेऊन जावे. मुलांना तळ्याचा खटला सांगावा, पक्षी दाखवावेत आणि वाडीवरच्या कातकरी बांधवांची विचारपूस करावी. प्लॅस्टिकचा एक तुकडाही मागे ठेवू नये, कारण सार्वजनिक म्हणजे बेवारस नव्हे, सार्वजनिक म्हणजे आपले.

महाडच्या तळ्यावर आपण तहान भागवायला गेलो नव्हतो. आपणही इतरांसारखी माणसे आहोत, हे सिद्ध करायला गेलो होतो. बागेतील बाकावर निर्धास्तपणे बसलेला माणूसही तेच सिद्ध करीत असतो. मात्र शेजारच्या माणसासाठी त्याच बाकावर जागा केली, तरच ते पुरते सिद्ध होते.