एल्क-मृगया
रॉकी पर्वतप्रदेशातील एल्क अथवा वापिटी या मोठ्या हरणाच्या प्रौढ नराची, शिंगांच्या मानचिन्हासाठी परवान्याने केलेली शिकार. अनिर्बंध हत्येमुळे १९०० च्या सुमारास एल्क फार घटले. पुढे परवान्यांवर मर्यादा आल्या. उत्तम क्षेत्रांचे परवाने सोडतीने मिळत असल्याने कित्येकांना वर्षानुवर्षे थांबावे लागते. म्हणून नियोजनाचा आरंभ अर्जापासून होतो. वायोमिंगमधील संघराज्याच्या संरक्षित निर्जन अरण्यांत परराज्यातील शिकाऱ्यास वाटाड्या सक्तीचा असतो. सप्टेंबरच्या माजकाळात नराच्या सादेची नक्कल करून वाटाड्या त्याला जवळ आणतो. बून अँड क्रॉकेट क्लबच्या (स्थापना १८८७) सर्वकालीन नोंदीस नमुनेदार शिंगांना किमान ३७५ गुण लागतात. शिंगे दरवर्षी गळून नवी येतात व वयाबरोबर वाढतात. नर पुष्कळ वर्षे जगला, तरच असे मानचिन्ह लाभते. परवान्यांच्या मर्यादेमुळेच ते शक्य होते.