बाटलीतली चव (भाग ७) : रूट बिअर

मागच्या भागात जिंजर बिअरने जीभ चांगली भाजून घेतली. आज तिची अमेरिकन चुलतबहीण. हिच्याही नावातच काय ती बिअर. प्यायल्यावर गाडी चालवायला हरकत नाही.

न्यू जर्सीत भाचीने फ्रिजमधून गार बाटली काढली, बूच उडवलं आणि मी नाक पुढे नेलं. ‘‘अगं, घरात कुणाची कंबर धरलीय का?’’

‘‘मामा, आधी पिऊन तर बघ!’’

माझं नाक मात्र खोटं बोलत नव्हतं. आपल्याकडच्या दुखण्यावरच्या मलमांना जो वास येतो तो मिथाइल सॅलिसिलेटचा, आणि रूट बिअरमध्येही तोच असतो. विंटरग्रीन नावाच्या झुडपाच्या पानांत आणि तिकडच्या एका बर्चच्या सालीत तो निसर्गतःच सापडतो. अमेरिकन पोराला तो च्युइंगममधून भेटतो, आपल्याला आजीच्या गुडघ्यावरून. म्हणून पहिल्या घोटावर निकाल देऊ नये. तो घोट मलमाच्या नावाने सोडून द्यावा.

खरं तर या पेयाचा मूळ प्राण वेगळाच होता : सॅसाफ्रास झाडाच्या मुळाची साल. फिलाडेल्फियाचा औषधविक्रेता चार्ल्स हायर्स याने 1876च्या तिथल्या मोठ्या प्रदर्शनात आपली रूट बिअर लोकांपुढे आणली आणि पुढे घरी करायची पुडीही विकली. सॅसाफ्रासमधल्या सॅफ्रोलने उंदरांच्या यकृतात कर्करोग होतो असं दिसल्यावर 1960 साली अमेरिकेत ते खाद्यपदार्थांतून बाद झालं. तेव्हापासून विंटरग्रीन, व्हॅनिला, ज्येष्ठमध, बडीशेपेसारखा अॅनिस अशी मंडळी मिळून गाडा ओढतात.

आता ग्लास. बाटली तोंडाला लावू नका, फेस दिसायला हवा. कोकचा फेस फसफसून बसतो. हा दाट, दुधाळ आणि चिवट. बऱ्याच बाटल्यांत युक्का किंवा क्विलायाचा अर्क असतो, त्यातल्या सॅपोनिनची ही करामत. रिठ्याला फेस येतो तोही सॅपोनिननेच!

माझी खरी कसोटी मात्र शेवटच्या चार घोटांची. गारठ्यात गोडी झाकली जाते, म्हणून अर्धा ग्लास वीस मिनिटं तसाच ठेवला. फेस छान टिकला होता, व्हॅनिला उशिरा पण नीट आला, ज्येष्ठमध घशात रेंगाळला. गोडी मात्र उघडी पडली : नुसता पाक. लेबलवर 355 मिलीत 42 ग्रॅम साखर, म्हणजे चहाचे दहा चमचे. मुळांचा किंचित कडवटपणा, मातकटपणा, ज्यासाठी हे प्यायचं, तो कुठेच नाही. दहापैकी साडेपाच.

भाचीला हे गुण मान्य नव्हते. तिने उरलेली बाटली ग्लासात ओतून त्यात व्हॅनिला आइस्क्रीमचा गोळा सोडला. स्निग्धांश तो तिखट वास बराचसा धरून ठेवतो. मलम मागे हटलं आणि खाली खरवडायला मस्त गोठलेला फेस उरला. यालाच तिकडे फ्लोट म्हणतात. याचे सात.

पुढच्या आठवड्यात आपल्याच उपळसरीच्या मुळांचं, दक्षिणेतलं नन्नारी सरबत.