हलगी फक्त मुलींनाच ऐकू आली

गॅदरिंगला आपल्याकडे कसं बसतात, तुम्हाला माहितीये. मध्ये रस्ता, डावीकडे मुलं, उजवीकडे मुली, पुढच्या सोफ्यावर सर लोक. जामखेडमधल्या एका कॉलेजात गेल्या वर्षी माझ्या मित्राने याच मांडवात पंधरा मिनिटांचा लाइव्ह इलेक्ट्रॉनिक सेट वाजवला. लॅपटॉप, पॅडवाला एक कंट्रोलर आणि चार महिने फिरून गोळा केलेले आवाज. एसटी स्टँडवरची अनाउन्समेंट, हलगी, खर्ड्याच्या किल्ल्यात रेकॉर्ड केलेला वारा. हेडफोनवर ऐकताना काटा यायचा अंगावर. डाव्या कानात गाडी फलाटाला लागल्याची घोषणा, उजव्या कानात तिला हलगीचं उत्तर.

सेट संपला आणि मुलांच्या बाजूने पहिला प्रश्न आला, "अरे, नुसती अनाउन्समेंट काय लावलीस?" मुलींच्या बाजूची एक जण म्हणाली, "हलगी भारी होती, पण मधेमधे बंद का पडत होती?"

बंद काहीच पडलं नव्हतं. त्याने गाणं स्टिरिओत बांधलं होतं, साउंडवाल्या दादांनी ते स्टिरिओतच वाजवलं. डावं डावीकडे गेलं, उजवं उजवीकडे. चार महिन्यांच्या कामातलं अर्धंच प्रत्येकाला मिळालं, एवढंच.

'लाइव्ह इलेक्ट्रॉनिक' म्हटल्यावर गोव्यातला फेस्टिव्हल डोळ्यांसमोर येत असेल, तर थांबा. लग्नाच्या वरातीतला ऑक्टोपॅड आणि कीबोर्ड हे दुसरं काय आहे? तेव्हा कॉलेजात किंवा गणपतीसमोर स्वतःचं काही वाजवायचा विचार असेल, तर मोनो की स्टिरिओ हा प्रश्न तुमचाही आहे.

आता थोडं गणित करू. दोन स्पीकर एकमेकांपासून १२ मीटरवर आहेत आणि तुम्ही डाव्या स्पीकरच्या बरोबर समोर ४ मीटरवर बसलात. उजवा स्पीकर तुमच्यापासून साधारण साडेबारा मीटर दूर. आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे उजव्या बाजूचा आवाज तुमच्याकडे २५ मिलिसेकंद उशिरा पोचतो आणि मोकळ्या मैदानात सुमारे १० डेसिबलने कमी होऊन पोचतो. जो आवाज आधी येतो, तिकडूनच सगळं येतंय असं कान ठरवून टाकतो. ॲलन ब्लुमलीन या इंग्रज इंजिनिअरने १९३१ मध्ये स्टिरिओच्या पेटंटसाठी अर्ज केला. ती दोन स्पीकरांची जादू आजही मधल्या जागेवर बसणाऱ्यालाच नीट मिळते. आमच्या मांडवात त्या जागेवर चपला होत्या.

"मग सरळ मोनो करायचं ना," असं मी म्हणाले, तेव्हा मित्र भडकला. "मोनो म्हणजे आजोबांचा रेडिओ!" हा गैरसमज आपल्या सगळ्यांचाच आहे. मोनो म्हणजे एक स्पीकर नाही. मोनो म्हणजे सगळ्या स्पीकरांतून एकच आवाज. मिरवणुकीच्या टेम्पोवर सगळे टॉप आणि बेस एकाच भिंतीत रचलेले असतात. डावं-उजवं दोन-तीन मीटरच्या आत. तिथे स्टिरिओ लावला काय, नाही लावला काय, नाचणाऱ्याला मोनोच ऐकू येतं आणि आजवर कुणी तक्रार केलेली नाही. (तक्रार आवाजाची असते, ती वेगळी.) गंमत म्हणजे त्या भिंतीला आपण 'डॉल्बी' म्हणतो. रे डॉल्बी यांनी १९६५ मध्ये कंपनी काढली ती टेपवरची खरखर कमी करण्याच्या तंत्रावर!

पण मोनोचं बटण दाबलं की झालं, असंही नाही. मित्राने घरी तेच केलं आणि गाण्यातला सगळ्यात लाडका सिंथचा आवाज जवळजवळ गायबच झाला. आवाज 'रुंद' करणारे काही इफेक्ट एका बाजूची लाट उलटी करून दुसरीकडे पाठवतात. एक वर जाते तेव्हा दुसरी खाली. दोन्हींची बेरीज केली की शून्य. हेडफोनवर जे सगळ्यात भव्य वाटतं, तेच मोनोत सगळ्यात आधी मरतं. त्यामुळे मोनोत वाजवायचं तर आधी मोनोत ऐकत गाणं बांधायचं. एबलटन लाइव्हमध्ये 'युटिलिटी' नावाचं साधन आहे, त्यात मोनोचं बटण आहे आणि फक्त बेस मोनो करायचीही सोय आहे.

बेसचं तर वेगळंच. ५० हर्ट्झच्या आवाजाची एक लाट जवळपास ७ मीटर लांब असते. दोन बेस दोन टोकांना ठेवले, तर ज्या जागेपासून त्यांच्या अंतरात साडेतीन मीटरचा फरक पडतो, तिथे ते एकमेकांना खाऊन टाकतात. मांडवात चालत जाताना एका ठिकाणी छाती दणदणते आणि चार पावलांवर काहीच नाही, हे तुम्ही अनुभवलं असेल. म्हणून बेस मोनोच ठेवा, आणि जमलं तर दोन्ही बेस मध्ये शेजारी शेजारी ठेवायला सांगा. दादा कुरकुर करतील. वायर लांब लागते.

वायरवरून आठवलं. दुसऱ्या एका तालमीत आम्ही लॅपटॉपच्या हेडफोनच्या भोकातून निघालेली स्टिरिओ पिन सरळ मिक्सरच्या माइकच्या एका चॅनलला लावली. किक गेली, बेस गेला, नुसता घुमारा उरला. वैतागून लॅपटॉप मोनो केला, तर तोही गेला. पूर्ण शांतता! तो चॅनल बॅलन्स्ड होता, म्हणजे पिनच्या एका टोकातून दुसरं वजा करणारा. डाव्यातून उजवं वजा केलं की दोन्हीकडे सारखं असलेलं सगळं उडणारच. एक तास गेला यात. तुमचा घालवू नका. डावं-उजवं वेगळं करणारी वायर घ्या आणि दोन चॅनल मागा, दोन्हींचा पॅन मध्ये ठेवा. कीबोर्डच्या मागे एका भोकाजवळ 'एल/मोनो' लिहिलेलं असेल, तर बहुतेक वेळा तेवढं एकच लावून भागतं. दोन आउटपुट साध्या वाय केबलने एकत्र बांधायचे मात्र नाहीत, मशीनला ते मानवत नाही.

मग स्टिरिओ कधी? लोक कमी असतील, सगळे दोन्ही स्पीकरांच्या मध्ये बसणार असतील, तर जरूर. आमच्या मित्राने घराच्या गच्चीवर वीसेक जणांना बसवून जुना सेट जसाच्या तसा ऐकवला, तेव्हा हलगी आणि अनाउन्समेंट खरंच एकमेकींशी बोलत होत्या. मोनोत तसं कधीच होणार नाही, हे मान्य करायला हवं. नुकसान आहेच. पण तीनशे जणांपुढे अर्ध्यांची हलगी जाण्यापेक्षा ते नुकसान मला परवडतं.

यंदा त्याने सेट नव्याने बांधलाय. किक, बेस, हलगी, घोषणा, सगळं मध्ये. हलगी आणि घोषणा आता डावी-उजवीकडून नाही, एकामागून एक उत्तर देतात. स्टिरिओत ठेवलाय फक्त खर्ड्याचा वारा आणि रातकिडे. परवा साउंड चेकला त्याने दादांना सांगितलं, "उजवीकडची वायर काढा." दादा बघतच राहिले, "कार्यक्रमाच्या आधी वायर काढतोयस?" काढली. मी मुलींच्या बाजूला शेवटच्या खुर्चीवर बसले होते. हलगी लांबून, हलकी, पण पूर्ण ऐकू येत होती. घोषणाही.

रातकिडे तेवढे गेले होते.