हार्टची गोळी सुरू असताना स्मार्टवॉचचा पल्स आणि काट्यावरचं वजन का फसवतं?

रविवारी सकाळी नेरळ स्टेशनवर उतरणाऱ्या गर्दीत माथेरानवाले पटकन ओळखू येतात. पाठीवर सॅक, हातात स्मार्टवॉच. दस्तुरी नाक्यापुढे गाड्या जात नाहीत, त्यामुळे चालणं आलंच. वजन कमी करायचं म्हणून काही जण खालूनच चालत निघतात. तब्येत ठणठणीत असेल तर भारीच. पण अँजिओप्लास्टी झालेली असेल आणि गोळ्या सुरू असतील तर?

सगळ्यात आधी घड्याळाचा घोळ समजून घ्या. बहुतेक घड्याळं २२० मधून वय वजा करतात. म्हणजे ५५ वर्षांच्या माणसाचा कमाल पल्स १६५. पण मेटोप्रोलॉल, बिसोप्रोलॉल, ॲटेनोलॉल या बीटा ब्लॉकर गोळ्या हृदयावर ॲड्रेनॅलिनचा परिणाम होऊ देत नाहीत. कितीही दम लागला तरी पल्स एका मर्यादेपुढे चढत नाही. घड्याळ म्हणतं अजून जोर लावा, आणि माणूस आधीच धापा टाकत असतो.

मग मोजायचं कशावर? बोलण्यावर. चालताना शेजारच्याशी पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे, गाणं म्हणता आलं नाही तरी चालेल. दोन शब्दांनंतर श्वास घ्यावा लागत असेल तर वेग कमी करा. आकडाच हवा असेल तर डॉक्टरांना विचारा. गोळी सुरू ठेवून केलेल्या स्ट्रेस टेस्टवरून तुमचा स्वतःचा आकडा मिळतो.

कर्जत-खालापूरची गंमत अशी की उल्हास आणि पाताळगंगेच्या काठाने रस्ता बराचसा सपाट आहे, पण जरा आत वळलं की चढ सुरू. सुरुवात सपाटीवरच करा आणि पहिली ५ ते १० मिनिटं रमतगमत चाला. या गोळ्यांवर हृदयाला वेग धरायला वेळ लागतो. कोथळीगड, इर्शाळगड नंतर बघू.

आता वजन. बीटा ब्लॉकर सुरू झाल्यावर, विशेषतः जुन्या गोळ्यांवर, पहिल्या काही महिन्यांत सरासरी किलो-सव्वा किलो वजन वाढू शकतं. शरीर ऊर्जा थोडी कमी जाळतं आणि थकव्यामुळे हालचालही घटते. म्हणून चिडून गोळी बंद करणारे असतात. हे अजिबात करू नका. अचानक बंद केल्यावर पल्स आणि बीपी उसळतात, अटॅकही येऊ शकतो. डोस बदलायचा तर डॉक्टरच बदलतील.

पण ३ दिवसांत २ किलो वाढलं तर ती चरबी नव्हे. इतक्या लवकर चरबी चढत नाही, ते पाणी असतं. हार्ट फेल्युअरच्या रुग्णात हृदयाचं पंपिंग कमी पडतंय याची ती खूण असू शकते, सोबत पाय सुजतात, आडवं पडल्यावर दम लागतो. अशा वेळी जास्त चालून वजन उतरवायला जाणं धोक्याचं, त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. म्हणून वजन रोज सकाळी, लघवीला जाऊन आल्यावर आणि चहाच्या आधी करायचं आणि वहीत लिहायचं. आदल्या दिवशी सुकट, पापड आणि लोणचं झालं असेल तर तेही लिहा. मीठ पाणी धरून ठेवतं. भाताला सगळे शिव्या घालतात, ताटातल्या मिठाकडे कुणी बघत नाही.

लघवीची गोळी सुरू असेल तर एप्रिल-मेमध्ये दुपारचं चालणं सोडूनच द्या. पारा चाळिशीपार गेला की घाम आणि गोळी मिळून बीपी खाली आणतात, चक्कर येते. पण म्हणून मनाने भरपूर पाणी किंवा ओआरएस घेऊ नका, काहींना पाण्याचं प्रमाण ठरवून दिलेलं असतं.

कोलेस्टेरॉलच्या गोळीने दोन्ही मांड्या किंवा पोटऱ्या दुखत असतील तर ते व्यायामाचं दुखणं समजून रेटू नका, डॉक्टरांच्या कानावर घाला. आणि चालताना छातीत दाब आला तर थांबा, खाली बसा. जिभेखालची गोळी लिहून दिलेली असेल तर बसूनच घ्या, कारण तिने बीपी उतरतं. ५ मिनिटांत दाब गेला नाही तर १०८. गोळी दिलेली नसेल तर वाट न बघता १०८.